१७९७ च्या पेनीवर कोरलेली हद्दपार कैद्याची आठवण: खरी की अलीकडे कोरलेली, कसं ठरवायचं?

ताम्रपैसा विचारतात:

एका लिलावाच्या यादीत इंग्लंडची कोरीव तांब्याची पेनी आली आहे. वर्णन आहे ‘कन्व्हिक्ट लव्ह टोकन, १८३२’, म्हणजे कैद्याने प्रेमाची आठवण म्हणून दिलेलं नाणं. विक्रेत्याने दिलेली मापं: व्यास ३५.६ मिमी, वजन २४.९ ग्रॅम, कड (जाडीची बाजू) गुळगुळीत. एक बाजू पूर्ण घासून सपाट केलेली. तिच्यावर टिंबाटिंबांनी काढलेलं, बाणाने विंधलेलं हृदय, त्याखाली ‘डब्ल्यू. एच. टु एम. ए.’, ‘७ इयर्स’ आणि १८३२. काठाजवळून गोल फिरणारी ओळ: ‘व्हेन धिस यू सी, रिमेंबर मी’. दुसऱ्या बाजूला बसलेल्या ब्रिटानियाची (ब्रिटनचं स्त्रीरूप) झिजलेली आकृती अजून कळते. आडनाव नाही, जहाजाचं नाव नाही.

ऑस्ट्रेलियाला पाठवल्या जाणाऱ्या कैद्यांनी अशी नाणी मागे ठेवली, एवढं वाचलं आहे. माझे प्रश्न तीन. नाणं आणि कोरीवकाम दोन्ही त्या काळचं आहे हे कसं तपासायचं? कोरणारा किंवा कोरून घेणारा कैदीच होता हे कशावरून? आणि नुसत्या आद्याक्षरांवरून माणूस सापडतो का?

भिंगवाला यांचं उत्तर:

आधी धातू, मग मजकूर. बहुतेक जण उलटं करतात आणि फसतात, कारण मजकूर कोणीही कोरू शकतो.

१७९७ ची पेनी बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर पाडली. शुद्ध तांबं, वजन एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, व्यास ३६ मिमी, जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास. काठ रुंद आणि उंच, आणि त्या काठात अक्षरं खोल दाबलेली. या चाकासारख्या काठामुळेच तिला ‘कार्टव्हील’ म्हणतात. पुढची दोन वर्षंही नाणी पाडली गेली, पण साल १७९७ च राहिलं. चार कोटींहून जास्त पेन्या निघाल्या. मोठी, जाड, मऊ आणि सगळीकडे मिळणारी, म्हणून कोरायला हीच पसंत पडली.

आता तुमचे आकडे. २८.३५ वजा २४.९ म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम तांबं गेलं. व्यास ३६ चा ३५.६ झाला त्यात साधारण ०.६ ग्रॅम गेले. उरले २.८. या व्यासाच्या चकतीवरून ०.१ मिमी जाडीचा थर काढला की जवळपास ०.९ ग्रॅम कमी होतात, म्हणजे दोन्ही बाजू मिळून अंदाजे ०.३ मिमी गेलेली आहे. एक बाजू घासलेली आणि दुसरी वापरून झिजलेली, या वर्णनाशी हे जुळतं. हेच वजन २८ च्या आसपास भरलं असतं आणि तरीही एक बाजू सपाट दिसली असती, तर मी पुढे वाचलंच नसतं. सपाट केलेलं नाणं मूळ वजनाचं राहूच शकत नाही.

कड जरूर बघा. १७९७ च्या पेनीची कड साधी असते. १८०६-०७ च्या पेनीची कड मधोमध खाचेची असून त्या खाचेत तिरप्या रेघा असतात. ती पेनी ३४ मिमी आणि १९ ग्रॅमच्या आतबाहेर. दोन्ही बाजू घासून टाकल्या असल्या तरी कडेवरून मूळ नाणं ओळखता येतं. शिवाय कार्टव्हीलच्या काठातली अक्षरं खोल असल्यामुळे घासल्यावरही त्यांचे तळ पुसट उरतात. दिवा जवळजवळ आडवा धरून काठ बघितला तर ‘जॉर्जियस’ मधली एखाददुसरी अक्षरं भुतासारखी दिसतात. ती नव्या ओळीच्या खालून जात असतील तर उत्तम.

नाण्याचं साल आणि कोरलेलं साल यांचा ताळाही बघायचा. कार्टव्हीलवर ‘१७८८’ किंवा ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या पहिल्या जहाजताफ्याचं नाव कोरलेलं असेल तर ते त्या वेळी कोरलेलं नाही, कारण नाणंच नऊ वर्षांनी निघालं. १८६० पासूनची काशाची पेनी पातळ आहे, ३०.८ मिमी आणि साडेनऊ ग्रॅमच्या जवळ. तिच्यावर १८३० चं साल असेल तर विचारायलाच नको.

ओतीव नक्कल आहे का, यासाठी घनता काढा. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या वजनाला भागा. तुमच्या नाण्याला २.८० च्या आसपास आकडा आला तर घनता ८.९, म्हणजे तांबं. २.९३ आला तर पितळेचा संशय. त्याहून जास्त आला तर आत पोकळ्या असलेलं ओतकाम. हवेचे बुडबुडे चिकटले तरी आकडा फुगतो, म्हणून पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी असेल तर मात्र ही चाचणी करू नका.

घनता बरोबर आली म्हणजे नाणं खरं, एवढंच. बाजारातला त्रास ओतीव नकलांचा कमी आहे; खऱ्या जुन्या पेनीवर नव्याने कोरलेल्या मजकुराचा जास्त आहे.

टाकीचे_घाव यांचं उत्तर:

तिथूनच पुढे सांगतो. दहापट भिंग आणि एका बाजूने येणारा प्रकाश पुरेसा आहे.

या नाण्यांवर दोन पद्धती दिसतात. एक टिंबांची: टोकदार खिळा किंवा पोगर ठेवून वरून ठोका. दुसरी रेघांची: बुरीने (धारदार कोरणीने) तांबं उकरून काढायचं, त्यात तळाशी निमुळती खाच पडते. कधी चपटी बुरी डावी-उजवी डोलवत पुढे नेतात, मग नागमोडी रेघ उमटते. चौकटीच्या किनारीला हे काम फार दिसतं. तुरुंगात खिळा मिळणं सोपं, बुरी मिळणं अवघड, म्हणून टिंबांची नाणी भरपूर आहेत.

ठोकून पाडलेल्या टिंबात धातू नाहीसा होत नाही, बाजूला सरकतो. म्हणून प्रत्येक खळग्याभोवती बारीक उठलेली कड असते. खिशात किंवा डबीत वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर ही कड चपटी झालेली असते आणि बोटाला लागत नाही. नव्या कामात ती बोचते. ती बोचू नये म्हणून कोणी बारीक पॉलिश कागदाने घासली, तर एकाच दिशेच्या समांतर चऱ्या सगळ्या पृष्ठभागावर दिसतात, आणि त्या टिंबांच्या तोंडाशी येऊन तुटतात. जुन्या नाण्यावरचे चरे सगळ्या दिशांचे, कमीजास्त खोल असतात.

फिरत्या विजेच्या हत्याराने केलेलं टिंब तळाला गोलसर असतं, त्यात गोल गोल रेषा दिसतात, आणि सगळी टिंबं एकाच मापाची येतात. हाताने मारलेल्या टिंबांचं टोक हळूहळू बोथट होत जातं: सुरुवातीची टिंबं बारीक आणि खोल, नंतरची पसरट, मग खिळा पुन्हा घासला की परत बारीक. हा चढउतार ओळीत शोधा. नकली करणारे सहसा याची नक्कल करत नाहीत.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे घावांचा क्रम. नाण्यावर पडल्या-आपटल्याचे खड्डे असतातच. खड्ड्याने अक्षर दाबलं गेलं असेल, म्हणजे अक्षराची खाच तिथे चेपून बंद झाली असेल, तर आधी अक्षर आणि मग खड्डा. अक्षराची रेघ खड्ड्यात उतरून तळापर्यंत स्वच्छ कापलेली असेल तर आधी खड्डा. असे पाच-सहा छेद तपासा. सगळे खड्डे अक्षराच्या आधीचे निघाले, कोरल्यानंतर नाण्याला एकही धक्का लागलेला नाही असं दिसलं, तर ते कोरीवकाम ताजं आहे.

रंगावर मात्र फार विसंबू नका. गंधकयुक्त पोटॅशच्या द्रावणात बुडवलं की तांबं काही मिनिटांत काळंभोर होतं. फरक एवढाच की तो रंग खोलगट भागात आणि उंच भागात सारखाच बसतो. वापरलेल्या नाण्यावर उंचवटे उजळ तपकिरी आणि खळगे गडद, त्यात मळ घट्ट बसलेला.

एक गैरसमज सारखा दिसतो: काम फार सफाईदार असेल तर नकली, कारण कैद्याला कुठून येणार एवढा हात? उलट, त्या तुरुंगांत खोटी नाणी पाडल्याबद्दल आलेले लोक होते, खोदकाम करणारे होते. पहिल्या ताफ्यातल्या ‘शार्लट’ जहाजावरचा कैदी थॉमस बॅरेट याने १७८७ मध्ये रिओला जहाज थांबलं असताना बकलं, बटणं आणि कथलाचे चमचे वितळवून खोटी नाणी केली होती. जहाजाचा वैद्य जॉन व्हाइट याने ते नोंदवून ठेवलं आहे. ‘शार्लट’ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर, बॉटनी बेला पोहोचल्याची आठवण म्हणून १७८८ मध्ये कोरलेलं चांदीचं ७४ मिमीचं पदक याच बॅरेटचं मानतात. ते आता सिडनीच्या सागरी संग्रहालयात आहे. तेव्हा सफाई हा दोष नाही. उलटा ‘एन’, शेवटच्या शब्दाला जागा न पुरल्यामुळे आखडलेली अक्षरं, चुकलेलं स्पेलिंग, हेही पुरावे नाहीत. ते मुद्दाम करता येतं.

जुनी_दफ्तरं यांचं उत्तर:

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

प्रेमाची आठवण म्हणून नाणं कोरणं कैद्यांपुरतं नव्हतं. खलाशी, सैनिक, कारागीर सगळेच कोरत. ‘व्हेन धिस यू सी, रिमेंबर मी’ ही त्या काळची सर्रास वापरातली ओळ आहे, हृदय आणि बाणही तसेच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशी तीनशेहून जास्त नाणी आहेत. कैद्याचं म्हणायला ज्या खुणा लागतात त्या अशा: शिक्षेची मुदत, ‘ट्रान्सपोर्टेड’ (हद्दपार), ‘कास्ट फॉर डेथ’ (म्हणजे फाशी सुनावलेली, जी पुढे बहुधा हद्दपारीवर येई), बेड्या घातलेली आकृती. तुमच्या नाण्यावर ‘७ इयर्स’ आहे. सात, चौदा आणि जन्मभर या नेहमीच्या मुदती, त्यामुळे खूण चांगली आहे, पण एकटी आहे. सात वर्षं म्हणजे शिकाऊ उमेदवारीचीही मुदत होती हे विसरू नका. ‘बॉटनी बे’ हे शब्द असते तरी स्थळाचा पुरावा झाला नसता. वसाहत सिडनीला बसली तरी ब्रिटनमध्ये लोक कित्येक वर्षं बॉटनी बेच म्हणत राहिले.

१७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात सुमारे १,६२,००० कैदी गेले. १८३३ हे सगळ्यात मोठं वर्ष, जवळपास सात हजार. म्हणजे तुमचं साल नेमकं गर्दीचं आहे. डब्ल्यू. एच. म्हणजे विल्यम हॅरिस, विल्यम हिल, विल्यम ह्यूज... यादी लांब होते.

तरी शोधायचं असेल तर या क्रमाने जा.

पहिलं दफ्तर एचओ ११, म्हणजे लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली हद्दपारीची नोंदवही. जहाजवार नाव, कोणत्या न्यायालयात कधी शिक्षा झाली, मुदत, कुठे रवाना. क्वीन्सलँडच्या राज्य ग्रंथालयाने यातली सुमारे १,२३,००० नावं शोधता येतील अशी मांडली आहेत. वय आणि गुन्हा यात नसतो. शिक्षेची तारीख १८३२ आणि मुदत सात वर्षं, अशी चाळणी लावा. जहाज १८३३ मध्ये सुटलेलं असू शकतं, कारण शिक्षा झाल्यावर कैदी बरेच महिने नांगरलेल्या जुन्या जहाजांवर, त्या तरंगत्या तुरुंगांवर, काढत. नाण्यावरचं साल बहुधा शिक्षेचं किंवा निघण्याचं असतं. दोन्ही धरून चाला.

नाव तिथे नसेल तर लगेच नाणं खोटं म्हणू नका. सात वर्षांची शिक्षा झालेले पुष्कळ जण कधी समुद्रापार गेलेच नाहीत, मुदत तरंगत्या तुरुंगातच संपली. त्यांच्यासाठी एचओ ९ च्या नोंदवह्या आणि एचओ ८ चे तिमाही तक्ते. खटला लंडन-मिडलसेक्सचा असेल तर ओल्ड बेली या तिथल्या फौजदारी न्यायालयाची कामकाजं (१६७४ ते १९१३) फुकट वाचता येतात. बाकी परगण्यांसाठी एचओ २७, म्हणजे गुन्हेगारांच्या नोंदवह्या.

मग खरी गंमत. न्यू साउथ वेल्सला उतरलेल्या कैद्यांच्या याद्यांत १८२० च्या दशकाच्या मध्यापासून वय, धंदा, जन्मगाव, गुन्हा आणि अंगावरच्या खुणा असतात. व्हॅन डीमन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला गेलेल्यांसाठी तिथल्या अभिलेखागारातल्या सीओएन १८ मध्ये वर्णन आणि सीओएन ३१ मध्ये वर्तणूक. अंगावरच्या खुणांत गोंदणाची नोंद असते, आणि गोंदणात पुष्कळदा मागे राहिलेल्या माणसाची आद्याक्षरं. एखाद्या डब्ल्यू. एच. च्या दंडावर ‘एम. ए.’ किंवा हृदय-बाण नोंदलेला सापडला, तर दोन आद्याक्षरांच्या नाण्याला मिळू शकणारा हा सगळ्यात पक्का दुवा. न्यू साउथ वेल्सच्या याद्या इंटरनेटवर आहेत, पण गोंदणाचा मजकूर सगळीकडे शोधता येईल असा टंकलेला नाही. मूळ पान डोळ्यांनीच वाचावं लागतं.

दोन सावधानता. कोरताना ‘जे’ च्या जागी ‘आय’ वापरायची पद्धत होती, म्हणून आद्याक्षर ‘आय’ दिसलं तर दोन्ही शोधा. आणि ‘एम. ए.’ म्हणजे नाव-आडनाव असेलच असं नाही. मेरी ॲन या एकाच बाईचं जोडनावही असू शकतं. लग्नाच्या नोंदीत आडनाव ‘ए’ ने सुरू होणारीच मेरी शोधत बसाल तर दिशा चुकेल.

ताम्रपैसा:

विक्रेत्याकडून जवळून काढलेले फोटो आले. हृदयाची टिंबं सुरुवातीला बारीक आणि पुढे पसरट होत गेलेली दिसतात. ‘रिमेंबर’ मधल्या दुसऱ्या ‘एम’ वर एक खड्डा आहे आणि त्याने अक्षर चेपलेलं वाटतं. काठाजवळ पुसट गोल अक्षरांचे अवशेष आहेत. पण ‘७ इयर्स’ ही ओळ मला वेगळी वाटते: टिंबं नाहीत, सरळ कापलेल्या रेघा आहेत, आणि त्यांच्यात काळं काहीतरी भरलेलं आहे. शिवाय काठावर एका जागी फिकट हिरवा ठिपका आहे, कापूस लावला तर भुकटी येते असं विक्रेता म्हणतो. तो साफ करून द्यायला तयार आहे.

टाकीचे_घाव:

साफ करू देऊ नका. आधी ‘७ इयर्स’ चा निकाल लागू द्या.

हा जुना डाव आहे: खरं प्रेमाचं नाणं घ्यायचं आणि त्यात एक ओळ वाढवून ते कैद्याचं करायचं. एका नाण्यावर दोन पद्धती असूच शकतात. चित्र एकाने टिंबांनी काढलं आणि अक्षरं दुसऱ्याने कापली असंही दिसतं. पण इथे बाकी सगळी अक्षरं टिंबांची आणि एवढीच ओळ कापीव असेल, तर संशय रास्त आहे. तीन गोष्टी मागवा. ओळीवर कुठला जुना चरा किंवा खड्डा येतो तिथला फोटो, प्रकाश डावीकडून एक आणि उजवीकडून एक. त्या ओळीच्या दोन्ही टोकांचा फोटो, कारण बुरी जिथून उचलली तिथे उठलेला धातू झिजला आहे की टोकदार आहे हे तिथेच कळतं. आणि मांडणी बघा: हृदय, आद्याक्षरं आणि साल यांच्यामध्ये ही ओळ धरून जागा समान वाटली आहे, की उरलेल्या फटीत ती कोंबली आहे? काळं भरण हा रंग असेल तर ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या बोळ्याने बहुधा सुटतो. वर्षानुवर्षांचा दाबून बसलेला मळ सहसा इतक्या सहज सुटत नाही.

कळंकवाला यांचं उत्तर:

हिरव्याबद्दल. घट्ट बसलेला, गुळगुळीत, गडद हिरवा थर म्हणजे जुना कळंक. तो आहे तसा राहू द्या. फिकट, भुकटीसारखा आणि पुसल्यावर काही दिवसांत परत येणारा हिरवा ठिपका वेगळा. तो क्लोराइडचा रोग आहे. धातूत अडकलेलं क्लोराइड हवेतली आर्द्रता आणि प्राणवायू मिळाला की तांबं खात राहतं आणि खाली खड्डा पडतो. अक्षराजवळ असेल तर अक्षर जातं.

नाणं हातात आलं तर करायचं ते एवढं: नायट्राइलचे हातमोजे, बांबूच्या किंवा लाकडी काडीने भुकटी भिंगाखाली अलगद काढायची. धातूची सुई नको, तिचा एक घसरता ओरखडा म्हणजे तुम्हीच पाडलेलं नवं कोरीवकाम. मग ॲसिटोनमध्ये काही मिनिटं, हवेत वाळवणं. त्यानंतर हवाबंद डबीत सिलिका जेलबरोबर, आतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ३५. डबीत आर्द्रतेची पट्टी ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करा. महिनाभराने ठिपका परत आला का ते बघा. आला तर घरी सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या द्रावणात आठवडेच्या आठवडे भिजवण्याचे प्रयोग होतात, पण त्यात तपकिरी झाक बदलते; एवढ्या किमतीच्या वस्तूला संग्रहालयाच्या दर्जाचा जतनकारच बरा.

लिंबू, चिंच, व्हिनेगर, पितळेची पॉलिश, दात घासायची पेस्ट यांतलं काहीही नाही. त्यांनी तांबं लखलखतं आणि वर टाकीचे_घाव यांनी सांगितलेल्या खुणा, उजळ उंचवटे, गडद खळगे, बसलेला मळ, एका दुपारीत जातात. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातून सुटणारं आम्ल हिरवट चिकट थर देतं. पॉलिएस्टरचं पाकीट किंवा आम्लरहित कागद वापरा. अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू किंवा पावडर भरायचीही गरज नाही: दिवा दहा-वीस अंशांवर ठेवून नाणं प्रत्येक वेळी ४५ अंश फिरवा आणि आठ फोटो काढा, त्यात पुसट ओळही वाचता येते.

भिंगवाला:

बोली लावायचीच असेल तर ‘७ इयर्स’ चा निकाल लागेपर्यंत ‘कोरीव प्रेमाचं नाणं, १८३२’ एवढ्याच किमतीची लावा. कैद्याचं म्हणून जी वरची किंमत मागितली जाते ती पूर्णपणे त्या एका ओळीवर उभी आहे. विक्रेत्याला विचारा, यापूर्वी हे नाणं कुठल्या यादीत छापलं गेलं होतं का. जुना फोटो मिळाला आणि त्यात ती ओळ नसेल तर प्रश्न मिटला. ओळ असेल तर निदान ती तेव्हापासून आहे एवढं कळेल, आणि मग जुनी_दफ्तरं म्हणतात तशी एचओ ११ मधली १८३२ ची पानं चाळायला घ्या.